परदेशातून आलेला स्वयंसेवक आणि आपले मिशन : अहमदनगर जिल्ह्यातील दिनक्रम, इतिहास व धडे

परदेशातील एखादा तरुण अथवा तरुणी काही महिन्यांसाठी आपल्या मिशनमध्ये सेवेला येणार असल्याचे पत्र आले की धर्मग्रामात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पाहुण्याला आपले जेवण मानवेल का, हा पहिला. आणि तो येथे नेमके काय काम करणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवडाभरात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाहुणा मायदेशी परतल्यावरही पुष्कळदा मिळालेले नसते. हा दुसरा प्रश्न समोर ठेवून परदेशी सेवकांच्या मिशन-जीवनाची साकल्याने माहिती वाचकांस द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत. पाहुण्याचे यजमानपद स्वीकारणाऱ्या धर्मग्रामांना तसेच स्वतः परप्रांती वा परदेशी सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या युवक-युवतींना त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

जिल्ह्याची ओळख

अहमदनगर जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे. जुन्या कागदपत्रांत व मिशनच्या इतिहासात पहिलेच नाव येत असल्याने येथे आम्ही तेच वापरले आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा, कळसूबाईचे शिखर आणि घाटघर-रतनवाडीचा धुवाधार पाऊस. मध्यभागी प्रवरा व मुळा नद्यांच्या कालव्यांखालील उसाचा पट्टा. आणि पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेचा प्रदेश. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर दुष्काळी पट्ट्यात तो साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तोही बेभरवशाचा. परदेशी पाहुण्याला एकाच जिल्ह्यात उसाचे हिरवे मळे आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या बायाबापड्या असे दोन्ही दिसते. या दोहोंतील नाते त्याला उमगले तरच त्याच्या सेवेची दिशा ठरते.

१९८७ मध्ये पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन नाशिक धर्मप्रांताची स्थापना झाली व हा जिल्हा त्यात समाविष्ट झाला. येशूसंघीय महागुरू थॉमस भालेराव हे पहिले महागुरुस्वामी होत. त्यांनी २००७ पर्यंत धुरा वाहिली. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता, हरेगाव ही नावे आपल्या वाचकांना नवी नाहीत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरमध्ये पायी येणारे भाविक पाहिले म्हणजे या मिशनची मुळे किती खोल गेली आहेत, ते ध्यानात येते.

परदेशी सेवकांची परंपरा

मराठी मुलखात परकीय सेवकाने आधी भाषा शिकावी, हा पायंडा फार जुना आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तकथा सांगणारा हा परदेशी मनुष्य आजही आपल्या साहित्याच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो.

अहमदनगर शहरात प्रथम स्थिरावले ते आपले प्रोटेस्टंट बांधव. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे कार्य सुरू केले. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३९ मध्ये अहमदनगरात आल्या आणि १८६२ मध्ये याच शहरात त्यांचे देहावसान झाले. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार नोंदवितात. मुलींची शाळा चालविणे, हेच या बाईंचे रोजचे काम होते आणि ते त्यांनी दशकानुदशके केले.

कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात जर्मन भाषिक येशूसंघीयांनी खेडोपाडी नेले. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याचे महागुरुपदही जर्मन येशूसंघीयाकडेच होते. गावकुसाबाहेरच्या महार व मांग वस्त्यांत या फादरांचा वावर होता. अमुक विहिरीवर पाणी भरायचे नाही, अशी ज्यांना बंदी होती त्यांच्या ओसरीवर बसून परदेशी माणूस पाणी पितो, हे दृश्यच त्या काळी एक प्रवचन होते.

पहिल्या महायुद्धाने या कार्याची कठोर परीक्षा घेतली. शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी ब्रिटिश सरकारने अहमदनगरातच मोठी नजरबंद छावणी उभारली होती. जर्मन येशूसंघीय नजरबंद झाले वा मायदेशी धाडले गेले. पुण्याचे महागुरू हेन्री डोरिंग युद्धामुळे भारतात परतू शकले नाहीत. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या महागुरुपदी आले. फादर नसलेल्या गावांत प्रार्थना, जपमाळ आणि धर्मशिक्षण चालू ठेवण्याचा भार साहजिकच मास्तरांवर, म्हणजे आपल्या गावोगावच्या धर्मशिक्षकांवर पडला. परदेशी सेवक कधीही अचानक नाहीसा होऊ शकतो, हे मिशनला तेव्हा अनुभवाने कळले.

याच काळात, ३० नोव्हेंबर १९१९ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ‘मॅक्सिमुम इल्लुद’ हे मिशनकार्याविषयीचे पत्र प्रसृत केले. मिशनऱ्याने स्वतःच्या राष्ट्राचे हित साधू नये, लोकांची भाषा नीट आत्मसात करावी आणि स्थानिक धर्मगुरू घडवून त्यांच्या हाती कार्य सोपवावे, असा त्याचा गाभा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मिशनविषयक आदेशात प्रापंचिकांच्या सहभागालाही स्पष्ट स्थान दिले. त्यामुळे पुढे धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्याबरोबर शिक्षक, परिचारिका, अभियंते आणि विद्यार्थी असे स्वयंसेवकही मिशनमध्ये येऊ लागले. जर्मन सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘वेल्टवेर्ट्स’ या योजनेतून १८ ते २८ वयाच्या तरुणांना ६ ते २४ महिने परदेशी सेवा करता येते. मिशनरी आयुष्यभरासाठी यायचा, स्वयंसेवक मुदतीवर येतो. हा फरक दोघांच्या कामात नेहमी ध्यानात ठेवला पाहिजे.

दिवस कसा जातो

वसतिगृह, शाळा व दवाखाना असलेल्या मिशनमधील सर्वसाधारण दिवस पहाटे पाचच्या घंटेने सुरू होतो. नव्या पाहुण्याला पहिली कसरत करावी लागते ती बादलीभर पाण्यात अंघोळ उरकण्याची. उन्हाळ्यात ती बादलीही अर्धी होते. सकाळी मराठीतून मिस्सा होतो. शब्द कळत नसले तरी मिस्साचा क्रम ओळखीचा असल्याने, परक्या देशात प्रथम आपलेपणा वाटतो तो इथेच, असे अनेक पाहुण्यांनी आम्हांस सांगितले आहे.

न्याहारीला चहा व पोहे, नाहीतर रात्रीची भाकरी. त्यानंतर कामाची वाटणी होते. परिचारिका असल्यास सिस्टरांबरोबर दवाखान्यात; शिक्षक असल्यास शाळेत इंग्रजीचे तास; विशेष प्रशिक्षण नसल्यास भाजी निवडणे, धान्य पाखडणे, वाचनालयाची पुस्तके लावणे, मुलांचे कपडे वाळत घालणे. या शेवटच्या कामांना कमी लेखू नये. मावशींसोबत स्वयंपाकघरात बसून शेंगा फोडताना जितके मराठी येते तितके पुस्तकातून येत नाही.

दुपारचे जेवण म्हणजे बाजरीची वा ज्वारीची भाकरी, कालवण, भात, तोंडी लावायला ठेचा. पाहुण्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्याचा मोह यजमानाने आवरावा. पहिले पंधरा दिवस तिखट बेताने घालावे, म्हणजे पुरे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार या वेळेत कामे थंडावतात. परदेशी तरुणाला हा आळस वाटतो. पण त्याच माणसांनी पहाटे अंधारात पाणी भरलेले असते आणि शेतीपंपाला रात्रीची वीज आली असेल तर त्यांनी रात्रभर दारे धरलेली असतात. सकाळच्या सभेला गडी माणसे का आली नाहीत, याचे उत्तर बहुधा विजेच्या वेळापत्रकात सापडते.

चारनंतर मैदानावर कबड्डी, खोखो. पाहुण्याची आणि मुलांची खरी मैत्री येथेच जमते. तिन्हीसांजेला जपमाळ, मग अभ्यासिका, आठच्या सुमारास जेवण आणि निजानीज. आठवड्यातून एक-दोन दिवस फादरांबरोबर वस्त्यांवर जाणे होते. पूर्वीचे फादर घोड्यावरून वा बैलगाडीतून दौऱ्यावर निघत आणि खेड्यातच मुक्काम करीत. आता मोटारसायकलवरून रात्री परत येता येते. सोय झाली, मात्र मुक्कामात होणाऱ्या रात्रीच्या गप्पा कमी झाल्या, ही खंत आम्हांस व्यक्त करावीशी वाटते.

पहिल्या महिन्यानंतर बहुतेक स्वयंसेवकांना उदास दिवस येतात. आजारपण येते, घरची आठवण होते, ‘माझा येथे काही उपयोग नाही’ असे वाटू लागते. अशा वेळी त्याला मोठे काम नेमून देऊ नये. त्याच्याशी बोलावे, विश्रांती द्यावी आणि रोजचे लहान काम चालू ठेवावे.

वर्षाचे चक्र

जो स्वयंसेवक दोन महिने राहतो तो एक ऋतू पाहतो. जो वर्षभर राहतो तो गाव पाहतो. जूनमध्ये शाळा उघडतात व पेरण्यांची लगबग असते. सप्टेंबरमध्ये हरेगावची यात्रा येते. दसऱ्यानंतर पाथर्डी, शेवगाव या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि घरी राहतात ती म्हातारी माणसे. या मुलांचे शिक्षण टिकायचे तर वसतिगृहाला पर्याय नसतो. वसतिगृहात मुले का राहतात, हे परदेशी पाहुण्याला प्रथम समजावून सांगितले पाहिजे. नाहीतर तो त्यांना अनाथ समजतो आणि घरी तसेच लिहून पाठवितो. त्यांचे आईबाप जिवंत आहेत, लेकरांसाठीच ते कोयता हाती घेऊन फडात उभे आहेत.

नाताळ, मग प्रायश्चित्तकाळ, ईस्टर आणि पाठोपाठ टंचाईचे महिने. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, कित्येक घरांना कुलूप असते. ज्याने ही कुलपे पाहिली त्याला गावाच्या गरिबीचे कारण व्याख्यानातून सांगावे लागत नाही.

बाखरबाबांचा धडा

आपल्या जिल्ह्यात परदेशी सेवेचा आदर्श म्हणून एक नाव घ्यावयाचे तर ते स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचे. १९२४ मध्ये जन्मलेले हे फादर १९४८ मध्ये भारतात आले. ज्या स्वित्झर्लंडमधून ते निघाले त्या देशाच्या राज्यघटनेत येशूसंघाच्या कार्यावर तेव्हा बंदी होती. ती १९७३ च्या सार्वमतानंतर उठली. स्वतःच्या मातृभूमीत ज्यांच्या संघाला कायद्याने मज्जाव होता, त्या माणसाला अहमदनगरच्या शेतकऱ्यांनी ‘बाखरबाबा’ म्हणून घरात घेतले.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अहमदनगर येथे सोशल सेंटरची उभारणी केली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप, ओस पडलेली गावे हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. संकटात धान्य देणे अगत्याचेच होते. परंतु दुष्काळ पुन्हा आला की पुन्हा धान्य, असे किती काळ चालणार? विहिरी खोदून द्याव्यात तर त्याही आटतात. कारण डोंगरावर पडलेले पाणी जमिनीत मुरण्याआधी माती घेऊन वाहून जाते.

याचे उत्तर पाणलोट विकासात सापडले. ‘माथा ते पायथा’ हे त्याचे सूत्र. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर खणून झाडे व गवत लावावयाचे, मग उतारावरील शेतांची बांधबंदिस्ती करावयाची, ओहोळांत दगडी बांध घालावयाचे आणि सर्वांत शेवटी खाली नाल्यावर बांध घालावयाचा. खालचा बांध आधी बांधला तर तो गाळाने भरून जातो. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावावयाचे, चालणाऱ्याला थांबवावयाचे आणि थांबलेल्याला मुरवावयाचे, अशी त्यामागची सोपी कल्पना आहे.

तंत्रापेक्षा अवघड भाग माणसांचा होता. डोंगर कोणा एकाचा नसतो. चराईबंदी केली तर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरांना ती जाचते. कुऱ्हाडबंदी केली तर सरपणाचा प्रश्न बायांवर येतो. म्हणून गावाने एकत्र बसून निर्णय घेणे, पाणलोट समिती निवडणे आणि श्रमदान करणे, या गोष्टी कामाच्या अटीच ठरल्या. जर्मन सरकारच्या अर्थसाहाय्याने व नाबार्डच्या सहकार्याने १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात राबविला गेला. त्यामागे फादर बाखर यांची प्रेरणा होती. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासमवेत ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ पासून झालेले काम अनेक राज्यांतील लोक पाहून गेले. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी आपापल्या नेत्यांच्या मार्गदर्शनाने त्याच दिशेची वाट चोखाळली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वृद्धापकाळी फादर बाखर मायदेशी परतले व २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी देह ठेवला. संस्था मात्र भारतीय कार्यकर्त्यांच्या हाती चालू राहिली. ‘मॅक्सिमुम इल्लुद’ने धर्मकार्याबाबत सांगितलेले तत्त्व येथे माती-पाण्याच्या कामात उतरलेले दिसते. चर खणले ते गावकऱ्यांनी. म्हणून परदेशी माणूस गेल्यावर ते राखण्याची जबाबदारीही त्यांचीच राहिली.

जामखेडची शाळा

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. बाळंतपण, लसीकरण, कुपोषण, कुष्ठरोग अशा विषयांत या स्त्रिया आपल्या गावाच्या आधारस्तंभ झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा की, जामखेडला जगभरातून डॉक्टर व विद्यार्थी येतात ते शिकण्यासाठी. तेथे शिकविणाऱ्यांत या ग्रामीण स्त्रियाही असतात. परदेशातून आलेला पदवीधर जमिनीवर बसतो आणि चौथीही न झालेली बाई त्याला सांगते की जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे आणि आईला ते कसे पटवावे. स्वयंसेवकाने कोणत्या आसनावर बसावे, हे यावरून कळते.

आमच्याकडून घडलेली एक चूक

उपदेश करताना स्वतःची चूक झाकणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील मिशनमध्ये आम्ही सेवेत असताना परदेशातून तरुणांचा एक गट तीन आठवड्यांसाठी आला. मुले गुणी होती. त्यांनी शाळेच्या भिंती रंगविल्या आणि मुलांना हात धुण्यासाठी नळांचा कट्टा बांधून दिला. निरोपाला हार, नारळ, फोटो सगळे झाले. पुढल्या पावसाळ्यात नळ गळू लागले, नंतर मोडले. दुरुस्ती का केली नाही, असे आम्ही विचारले तेव्हा शाळेतील एका पालकाने अगदी सरळपणे उत्तर दिले, ‘फादर, तो पाहुण्यांचा नळ आहे.’

त्याच वस्तीत एक गवंडी होता आणि रंगकाम करणारे दोन भाऊ होते. त्या तीन आठवड्यांत त्यांना कोणी बोलावले नाही; त्यांनी पारावर बसून पाहुण्यांचे काम पाहिले. दोष पाहुण्यांचा नव्हता. काम ठरविताना आम्ही पालकांना विचारले नव्हते, गवंड्याला हाताशी घेतले नव्हते आणि दुरुस्तीचा पैसा कोण देणार, हे ठरविले नव्हते. नंतर पालकांनी वर्गणी काढून, त्याच गवंड्याकडून कट्टा पुन्हा बांधून घेतला. तो साधा आहे, पण चालू आहे.

कायदा आणि बालसुरक्षा

यजमान धर्मग्रामाने पुढील बाबी काटेकोरपणे पाळाव्यात. ई-पर्यटक व्हिसावर मोबदल्याविना स्वयंसेवा करावयाची असल्यास ती जास्तीत जास्त एक महिन्याची असू शकते. धर्मकार्यासाठी मिशनरी व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. नोंदणीकृत संस्थेत दीर्घकाळ मानद काम करावयाचे तर रोजगार व्हिसाच्या वर्गात अर्ज करावा लागतो. नियमांत बदल होत असल्याने अर्जापूर्वी भारतीय दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. पाहुणा मुक्कामास आल्यापासून २४ तासांच्या आत यजमानाने ठरावीक अर्ज ऑनलाइन भरून कळवावयाचे असते.

पैशाबाबत विशेष दक्षता हवी. परदेशी देणगी २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखाली येते. नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच, ती स्वीकारता येते. निरोपाच्या वेळी पाहुण्याने प्रेमाने संस्थेसाठी पुढे केलेले पाकीटही या नियमातून सुटत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी स्वयंसेवकाच्या मायदेशातील पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला आधीच मागवावा. कोणताही प्रौढ, मग तो पाहुणा असो वा आपल्यापैकी, मुलासोबत बंद खोलीत एकटा असू नये. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा सर्वांना लागू आहे. संगोपन संस्थेतील बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई केली आहे; तेव्हा मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची सवय पहिल्याच दिवशी थांबवावी.

धर्मग्रामाने काय करावे

अनुभवावरून काही सूचना करतो. पाहुणा येण्यापूर्वी धर्मग्राम समितीने त्याचे काम लिहून ठरवावे आणि ते काम करू शकणारी स्थानिक व्यक्ती आहे का, ते आधी पाहावे. असल्यास पाहुण्याने तिच्या हाताखाली काम करावे. नसल्यास त्याने ते कोणाला तरी शिकवून जावे. शक्यतो सहा महिन्यांहून कमी मुदतीच्या स्वयंसेवकाकडे वर्ग सोपवू नये, कारण वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलल्याने नुकसान मुलांचे होते. पहिला महिना भाषेसाठी राखून ठेवावा. शिकवायला पदवीधरच हवा असे नाही. गोष्टी सांगणारी एखादी आजी उत्तम.

संबोधनाचेही भान द्यावे. पुस्तकी मराठी शिकून आलेला पाहुणा आजोबांना ‘तू’ म्हणतो आणि लहान मुलाला ‘आपण’. लोक हसून सोडून देतात, तरी त्याला ‘अहो’, ‘मावशी’, ‘काका’, ‘दादा’, ‘ताई’ हे शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवावेत. ‘बघू’ याचा अर्थ पुष्कळदा ‘नाही’ असा असतो, हेही सांगून ठेवावे. वस्तीतील जातीचे वास्तव त्याला लपवून दाखवू नये, तसेच त्यावरून पहिल्या दिवशी निवाडा करण्याची घाईही त्यास करू देऊ नये. स्नानसंस्कार घेतलेल्या दलित कुटुंबाला १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. एवढी एक गोष्ट त्याला समजली तर आपल्या लोकांच्या अनेक अडचणी त्याला आपोआप उलगडतील.

आता आपली पाळी

ज्या युरोपातून आपल्याकडे फादर आले, तेथील धर्मग्रामांत आज भारतीय धर्मगुरू व धर्मभगिनी सेवा करीत आहेत. आफ्रिकेतही आपली माणसे आहेत. १९२६ मध्ये जाहीर झालेला व ऑक्टोबर महिन्यात साजरा होणारा मिशन रविवार आपण वर्गणी देऊन पार पाडतो. त्या दिवशी घरातील तरुण मुलामुलींसमोर एक प्रश्नही ठेवावा : परीक्षेनंतरचे एक वर्ष तू दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या भाषेत, कोणाच्या तरी हाताखाली काम करण्यास देशील का? परदेशच हवा असे नाही. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यावर गेलेल्या नगरच्या मुलालाही नवी भाषा शिकावी लागते, नव्या अन्नाची सवय करावी लागते आणि आपण पाहुणे आहोत, हे रोज आठवावे लागते. मिशनकार्याची आश्रयदात्री संत तेरेझा तर आपल्या मठाबाहेर कोणत्याही मिशनला गेली नव्हती. पोप अकरावे पायस यांनी १९२७ मध्ये तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने हा मान दिला.

परदेशी स्वयंसेवक निरोप घेताना आपल्याकडची माणसे त्याला ‘जातो’ म्हणू देत नाहीत. ‘येतो म्हण’ असे सांगतात. तो पुन्हा येईल की नाही, हे कोणासच ठाऊक नसते. त्याच्यामागे आपण काय चालू ठेवतो, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढील पाहुण्याचे पत्र आपल्या धर्मग्रामात येईल तेव्हा समितीच्या पहिल्या बैठकीत हाच मुद्दा सर्वांत आधी घ्यावा, अशी आमची सर्व धर्मग्रामांना नम्र विनंती आहे.